माल वाहणारी जुनी गाडी संस्थेला देताना

छोटा हत्ती, ईको कार्गो किंवा पिकअप धंद्यातून निघाली की ती भंगारवाल्याला देण्यापेक्षा एखाद्या गोशाळेला किंवा अन्नवाटप करणाऱ्या संस्थेला द्यावी, असं पुष्कळांना वाटतं. द्यावी, पण हार घालून किल्ली देण्याचा कार्यक्रम आणि आरसीवरचं (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचं) नाव बदलणं यांत महिने जाऊ देऊ नयेत. नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक आणि अपघाताची भरपाईही त्याच्यावरच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. मधे गाडी कितीही हातांतून फिरलेली असो.

आधी कराचं बोलू, कारण गैरसमज तिथेच जास्त. ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकरातली वजावट फक्त पैशाच्या देणगीवर मिळते, वस्तूवर नाही. गाडीची किंमत दोन लाख धरून संस्थेने पावती दिली तरी ती विवरणपत्रात चालत नाही. वजावट हवीच असेल तर गाडी बाजारात विकून रक्कम धनादेशाने द्या. रोखीत २,००० रुपयांच्या वर दिलेली देणगी धरली जात नाही. नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट मुळातच मिळत नाही. दुसरी गोष्ट जीएसटीची. गाडी फर्मच्या नावावर असून खरेदीच्या वेळी इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं असेल, तर फुकट दिलेली गाडीही कायद्याने ‘पुरवठा’ ठरते आणि कर भरावा लागतो. गाडी देण्याआधी सीएला हा हिशेब करायला सांगा.

आता संस्था. तिला गाडी कशासाठी हवी आहे, हे स्पष्ट विचारा. धान्य, भाजी, चारा, औषधांचे खोके यांसाठी हवी असेल तर ठीक. मुलांना शाळेत सोडायचं, स्वयंसेवकांना शिबिराला न्यायचं, असं उत्तर आलं तर थांबा. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. स्ट्रेचर टाकून रुग्णवाहिका होईल, ही कल्पनाही सोडा. गाडीत असा बदल करायला आरटीओची मंजुरी लागते आणि रुग्णवाहिकेचे तांत्रिक निकष वेगळे आहेत.

खर्च झेपेल का, हेही विचारा. भाड्याने माल वाहणाऱ्या साडेसात टनांपर्यंतच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरपत्रकात १६,०४९ रुपये होता, कर वेगळा. आठ वर्षांपर्यंत पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. आणि वय वाढेल तसं शुल्कही वाढतं. पंधरा वर्षांची, धूर ओकणारी गाडी दान करणं म्हणजे संस्थेच्या गळ्यात लोढणं अडकवणं. ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, प्रमाणपत्र घ्या आणि आलेले पैसे संस्थेला द्या. दिलासा दोन बाबतींत आहे. एकूण भारित वजन (गाडी आणि माल मिळून) ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर साडेसात टनांपर्यंत साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स पुरतं, त्यामुळे चालक मिळणं सोपं जातं.

कागद जमवताना सगळ्यात आधी आरसीवर बँकेचा बोजा (कर्जाची नोंद) दिसतो का ते बघा. कर्ज फिटून चार वर्षं झाली तरी नोंद तशीच राहिलेली असते. बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन ती आधी उतरवा. मूळ मालक वारला असेल तर फॉर्म ३१ ने गाडी वारसाच्या नावावर करा, मगच दान. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाटी नसेल तर ट्रान्स्फर अडतं. थकलेली चलनं आणि रोड टॅक्स भरा, आठ वर्षांवरच्या गाडीचा पर्यावरण कर तपासा. पासिंग, पीयूसी, विमा चालू हवा. सीएनजी असेल तर टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) तीन वर्षांच्या आतली हवी.

संस्थेकडून पॅन, नोंदणी प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा आणि विश्वस्त मंडळाचा ठराव घ्या. ठरावात गाडीचा नंबर, चासी नंबर आणि सही कोण करणार त्याचं नाव असावं. तुमची गाडी कंपनीच्या नावावर असेल तर तुमच्याकडूनही ठराव लागतो.

आता आरटीओतला नाव बदलण्याचा अर्ज: फॉर्म २९ च्या दोन प्रती तुमच्या सहीने, फॉर्म ३० संस्थेसह दोघांच्या सहीने, चासी नंबरची पेन्सिल प्रिंट घेऊन. राज्यातल्या राज्यात तुम्ही १४ दिवसांत आणि संस्थेने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी परराज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आधी. परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज भरताना ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर येतो, आणि तो नंबर बऱ्याचदा शोरूमवाल्याचा किंवा एजंटचा निघतो! आधी नंबर बदलून घ्या. दुसरी नेहमीची अडचण सहीची: दहा वर्षांपूर्वीची सही आजच्या सहीशी जुळत नाही. पॅनची प्रत सोबत ठेवा. कोरे सह्या केलेले फॉर्म कुणालाही देऊ नका, संस्था कितीही ओळखीची असली तरी.

ताबा देताना कागदावर तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्या वेळेनंतरचं चलन कुणाचं, हा वाद त्याने मिटतो. हौद्यावरचं दुकानाचं नाव आणि फोन नंबर हीट गनने काढा. जीपीएस काढून घ्या. बॅटरी, स्टेपनी, जॅक मात्र गाडीबरोबर जाऊ द्या. ते काढून गाडी देण्यात काही शोभा नाही. स्प्रिंगच्या पाट्यांचा, क्लचचा काही दोष माहीत असेल तर त्याच कागदावर लिहा.

विमा रद्द करू नका. नवा मालक १४ दिवसांत कंपनीला कळवून तो आपल्या नावावर करून घेतो. तुमचा नो क्लेम बोनस मात्र तुमचाच, त्याचं पत्र मागून घ्या. महिन्याभराने एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून नाव बदललं का ते बघा. फास्टॅग मात्र ताबा देतानाच बंद करा, नाहीतर संस्थेची गाडी खालापूरच्या नाक्यावरून जाईल आणि पैसे तुमच्या खात्यातून कापले जातील.