घरची डिझेल गाडी विकायचीय? भावाचं नंतर, आधी नाव उतरवायचं बघा

गेल्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी आमची एर्टिगा विकली, 2014 ची, डिझेल, दीड लाखाच्या वर चाललेली, आणि तेव्हापासून मामाकडचे, सासरकडचे सगळे फोन करून एकच विचारतात की भाऊ तुला भाव कसा काय चांगला भेटला. भावाचं सांगतोच, पण खरं सांगू का, गाडी विकण्यात भाव हा सोपा भाग आहे, अवघड काय असेल तर आरसीवरून आपलं नाव उतरवणं. हे मी लई शहाणा म्हणून नाही सांगत, याच्या आधीची आमची तवेरा मी 100 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लिहून देऊन मोकळा झालो होतो, टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलायच्या फॉर्मवर, कोऱ्या सह्या, गाडी दलालाकडे, पैसे खिशात, आणि मग दीड वर्षाने चलानचे मेसेज माझ्या मोबाईलवर यायला लागले. दलाल म्हणे मी पुढे विकली, पुढचा म्हणे मी पण पुढे विकली. चलानवरच निभावलं हे नशीब, कारण ॲक्सिडेंट झाला असता तर नुकसानभरपाईत आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरतात, सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये हे स्पष्ट सांगितलंय, गाडी मधे तीन हात फिरली असली तरी.

म्हणून फोटो टाकायच्या आधी कागद काढून बसा. परिवहनच्या साईटवर नंबर टाकला की आरसी कधीपर्यंत आहे, बँकेचा बोजा आहे का, इन्शुरन्स, पीयूसी सगळं दिसतं. बोजाचं नीट बघा, आपल्याकडे लोन फिटून पाच-पाच वर्षं झालेली असतात आणि आरसीवर बँकेचं नाव तसंच. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन एचपी कट करून, म्हणजे आरसीवरचा बोजा काढून घ्यायचा, हे गिऱ्हाईक दारात उभं असताना करायला गेलात तर गिऱ्हाईक जातं. जुनी एनओसी कपाटात ठेवून पिवळी पडली असेल तर बँकेकडून नवीन घ्यावी लागेल, मला लागली. चलान असतील ते भरून टाका. आणि एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर ती नवीन नंबर प्लेट, एचएसआरपी, बसवून घ्या, चारचाकीला 745 रुपये अधिक जीएसटी, तिच्याशिवाय ट्रान्सफरचं काम अडतं.

आता गाडी. डिझेल गाडी घेणारा माणूस एकटा येत नाही, सोबत मेकॅनिक आणतो, आणि तो मेकॅनिक बोनेट उघडून पहिलं काम काय करतो तर इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढतो. तिथून धूर भकाभका आला, झाकण उडायला लागलं की म्हणतो, बॅक कॉम्प्रेशन मारते, म्हणजे इंजिन आतून झिजलंय, आणि तिथेच 50 हजार खाली. म्हणून हे सगळं त्याच्या आधी आपल्या मेकॅनिककडून करून घ्या. सायलेन्सरचा धूर पण बघा, काळा असेल तर बऱ्याचदा एअर फिल्टर नाहीतर इंजेक्टरची भानगड असते, स्वस्तात निघू शकते, निळा म्हणजे ऑइल जळतंय, टर्बो नाहीतर रिंगा, आणि गाडी गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर हेड गॅस्केटची शंका घ्या. मी फिल्टर बदलले, ऑइल बदललं, बॅटरी नवी टाकली, एसीचा गॅस भरला. एसीचं मुद्दाम सांगतो, एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावच्या उन्हात गाडी बघायला आलेला माणूस सगळ्यात आधी एसीसमोर हात धरतो, मग इंजिनाचं विचारतो. क्लच मात्र बदलला नाही. तो थोडा वर धरत होता, मी येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगितलं की क्लच वर्षभरात मागेल, त्याचे पैसे मी भावात धरलेत. मोठा खर्च करून तेवढा भाव वाढत नाही, आणि लपवलेलं तर मेकॅनिकला सापडतंच, मग तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावर पण विश्वास राहत नाही.

टेस्ट ड्राइव्हच्या दिवशी सकाळी गाडी आधी चालू करून गरम करून ठेवू नका. बरेच लोक करतात, आणि समजणारा माणूस आल्याबरोबर बोनेटवर हात ठेवतो. गरम लागलं की त्याच्या मनात किडा. थंड गाडी एका सेल्फमध्ये उठली की अर्धा सौदा तिथेच झाला समजा.

टायर जुने असतील तर खोटं बोलायची सोयच नाही, बाजूला शेवटचे चार आकडे असतात, 2321 लिहिलं म्हणजे 2021 च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. किलोमीटर मागे फिरवायच्या भानगडीत तर पडूच नका, सर्व्हिसचं रेकॉर्ड शोरूमच्या कॉम्प्युटरवर असतं.

भाव कसा ठरवायचा, तर तेच मॉडेल, तेच साल, एमएच 19, 18 आणि 39 च्या, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गाड्या ऑनलाइन काय सांगतात ते आठ दिवस बघत राहा. सांगितलेला आणि तुटलेला, म्हणजे शेवटी ठरलेला, भाव यात फरक असतो हे ध्यानात ठेवा. इन्शुरन्सच्या कागदावर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत असते, गिऱ्हाईक तो आकडा दाखवून भांडतं, पण पाच वर्षांच्या वरच्या गाडीची आयडीव्ही कंपनी आणि मालक आपसात ठरवतात, तो काही बाजारभाव नाही. मारुतीने 1 एप्रिल 2020 पासून डिझेल बंद केलं, म्हणजे नवीन डिझेल एर्टिगा मिळतच नाही, आणि आपल्याकडे सात माणसं भरून वणीला जायचं, रावेरहून नाशिकला दवाखान्यात जायचं, कन्नड घाट चढायचा, यासाठी डिझेलच मागणारे लोक अजून आहेत. हा तुमचा हुकमाचा पत्ता. उलट स्टेशन वॅगन असेल, म्हणजे ती टाटाची इंडिगो मरीना वगैरे, तर थांबायची तयारी ठेवा. तशा गाड्यांना आपल्याकडे गिऱ्हाईक कमी, पण जो येतो तो ठरवून येतो, मागची डिकी उघडून बघतो आणि हसतो.

एक मुद्दा हमखास निघतो, डिझेल गाडी 10 वर्षांनी भंगारात. मला तीन जणांनी तोंडावर सांगितलं. तो नियम दिल्ली-एनसीआरचा आहे, इथला नाही. इथे खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं, नंतर गाडी पास करून पाच-पाच वर्षं वाढवता येतं, 20 वर्षांपर्यंतच्या गाडीला त्याची फी 5000 रुपये आणि पर्यावरण कर वेगळा. तुमची गाडी 13-14 वर्षांची झाली असेल तर विकायची ती 15 व्हायच्या आधी, कारण मग पासिंगचा सगळा ताप घेणारा भावातून कापतो. दुसरी अफवा 2024 च्या डिसेंबरात व्हॉट्सॲपवर फिरली होती की जुनी गाडी विकली की 18 टक्के जीएसटी. तो धंदा करणाऱ्या डीलरला, आणि तोही त्याच्या मार्जिनवर. घरची गाडी घरच्या माणसाने विकली तर काही नाही.

वेळ पण बघा. पितृपक्षात कोणी विचारत नाही, जाहिरात टाकून नुसती जुनी होते. दिवाळीनंतर कापसाचे पैसे हातात आले की विचारपूस वाढते, मग गुढीपाडवा ते आखाजी, लगीनसराई तोंडावर असते. मी पाडव्याला जाहिरात टाकली. फोटो सकाळच्या उन्हात, तिसऱ्या सीटचा वेगळा, ओरखड्याचा पण वेगळा, नंबर प्लेट झाकून. पहिल्या दिवशी 20 फोन, त्यातले 15 दलालांचे. “गाडी इकनी शे का भाऊ? कितलाले?” (विकायचीय का, कितीला) असं अहिराणीत जो सरळ विचारतो तो बहुतेक घरचा माणूस, आणि जो फोनवरच “फायनल बोला, लगेच पैसे टाकतो” म्हणतो तो दलाल. क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील म्हणणारा तर चोरच, पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही, पिन पण टाकावा लागत नाही.

गाडी बघायला येणाऱ्याला घरीच बोलवा, चहा पाजा, लायसन्स बघा आणि चक्कर मारताना स्वतः शेजारी बसा. घासाघीस आपल्याकडे बैलबाजारासारखीच, फक्त रुमालाखाली बोटं नाहीत एवढंच. मी 4 लाख 90 सांगितले होते, मनात 4 लाख 30 च्या खाली द्यायची नाही हे घरात आधी ठरवून ठेवलं होतं, बायकोसमोर, म्हणजे ऐनवेळी मी भिडेपोटी वाहावलो नसतो. पारोळ्याकडचे एक नाना आले, मुलगा, जावई, मेकॅनिक असे पाच जण, तीन तास बसले, उठून गेले, गेटपासून परत आले. 4 लाख 45 ला तुटली.

पैशाचं नीट ऐका. 2017 पासून एका व्यवहारात एका माणसाकडून 2 लाख किंवा वर रोख घ्यायला आयकर कायद्यात बंदी आहे आणि दंड घेणाऱ्याला, जेवढे घेतले तेवढाच. नानांनी सगळे रोख आणले होते, पिशवीत, परत पाठवले बिचाऱ्यांना. 20 हजार टोकन घेतलं, पावती दिली, बाकी आरटीजीएसने, आणि खात्यात दिसल्यावर किल्ली. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हे.

आता नाव. फॉर्म 29 आणि फॉर्म 30, म्हणजे तेच टीटी फॉर्म, यावर घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख सगळं भरूनच सही करायची, कोरी सही कोणाला म्हणजे कोणालाच नाही, सख्ख्या मेव्हण्याला पण नाही. सोबत आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, दोघांचं आधार-पॅन, आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला छाप. घेणारा राज्यातलाच असेल तर गाडी विकल्याचं आरटीओला 14 दिवसांत कळवणं विकणाऱ्याचं काम आहे, आणि घेणाऱ्याला 30 दिवस. सुरत नाहीतर बऱ्हाणपूरचं गिऱ्हाईक असेल तर आधी आपल्या आरटीओकडून फॉर्म 28 ची एनओसी काढावी लागते. दलालालाच द्यायची असेल तर 2023 पासून अधिकृत डीलरसाठी फॉर्म 29सी आहे, तो ऑनलाइन भरला की त्यानंतर गाडीची जबाबदारी डीलरवर. जो डीलर हा फॉर्म भरायला नाही म्हणतो त्याला गाडी देऊ नका. डिलिव्हरी नोटवर, म्हणजे गाडी ताब्यात दिल्याच्या कागदावर, तारखेसोबत वेळ पण लिहा, दुपारी 4 वाजून 10 मिनिटं असं, आणि दोघांच्या सह्या. मी नानांच्या मुलासोबत एजंटकडे स्वतः गेलो, आणि ट्रान्सफर होईपर्यंत 15 हजार त्यांनी माझ्याकडे जास्तीचे ठेवले, काम झाल्यावर मी परत केले. ही आयडिया नानांच्या जावयाचीच, त्याला पण कुठेतरी चटका बसला असणार.

इन्शुरन्स 14 दिवसांत त्यांच्या नावावर करायला सांगा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची प्रीमियममधली सूट, मात्र गाडीचा नसतो, आपला असतो, कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या, तीन वर्षांत नवीन गाडी घेतली तर तिथे लागू होतो, माझा 50 टक्के होता, म्हणजे छोटी रक्कम नाही. फास्टॅग बंद करा, नाहीतर टोल ते भरतील आणि पैसे तुमचे कटतील.

बावीस दिवसांनी मालक बदलल्याचा मेसेज आला. गाडी नेताना आईने हळदकुंकू लावलं, डॅशबोर्डवरची सप्तशृंगीची मूर्ती मात्र आपल्याकडे ठेवायची म्हणाली, आणि ती डबल टेपने अशी चिकटली होती की निघता निघेना, शेवटी हेअर ड्रायरने गरम करून काढली. हे आदल्या दिवशी करा, गिऱ्हाईक अंगणात उभं असताना नको.