अखंड भजनाचं थेट प्रसारण: आजचं आइसकास्ट कसं बसवायचं आणि पुढच्या आवृत्तीकडे काय मागायचं

श्रावणात वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह असो की एखाद्या गावच्या देवळातलं चोवीस तासांचं भजन, आखातात आणि लंडनमध्ये कामाला असलेल्या गोंयकाराला ते ऐकायचं असतं. त्याला चित्र नसलं तरी चालतं, पण आवाज तुटलेला चालत नाही. अशा कामाला व्हिडिओ सर्व्हरपेक्षा आइसकास्ट, म्हणजे इंटरनेटवरून आवाज वाटणारा सर्व्हर प्रोग्रॅम, बरं. ते मुक्त आहे, लहान आहे आणि १ जीबी रॅमच्या भाड्याच्या सर्व्हरवर आरामात चालतं. बहुतेक लिनक्स वितरणांत अजून २.४ मालिका भेटते, म्हणून खालच्या सेटिंग त्या मालिकेच्या आहेत. ती कुठे कमी पडते आणि पुढच्या आवृत्तीकडून काय हवं, ते जागच्या जागी सांगितलं आहे.

आधी हिशोब. ९६ केबीपीएस, मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ एमपी३ धरा. एक श्रोता चोवीस तास ऐकत राहिला तर साधारण १.०४ जीबी डेटा जातो. २०० श्रोते एकाच वेळी असले तर सर्व्हरमधून १९.२ एमबीपीएस बाहेर जातात, आणि सगळे दिवसभर चिकटून राहिले तर २०० जीबीच्या वर. सर्व्हर घेताना मासिक डेटाची मर्यादा म्हणूनच आधी बघायची. देवळातून मात्र फक्त ९६ केबीपीएस वर चढवायचे असतात. लोक तिथे शंभर एमबीपीएसचं कनेक्शन घेऊन बसतात, आणि राउटरला बॅटरी नसते.

ओपस (एमपी३सारखाच आवाज आवळण्याचा दुसरा प्रकार) याच बिटरेटला निश्चित चांगलं वाजतं. ६४ केबीपीएसच्या एमपी३त झांजेचा आवाज साबणाच्या फेसासारखा होतो, ओपसमध्ये होत नाही. तरीही इथे एमपी३ घ्या. सोर्स (सर्व्हरला आवाज पाठवणारा प्रोग्रॅम) बदलला की ऑग, म्हणजे ओपस ज्या साच्यातून जातं त्या प्रवाहात नवे हेडर येतात आणि काही ब्राउझर तिथेच गप्प होतात. एमपी३चे तुकडे एकमेकांना बिनबोभाट जोडले जातात. बिटरेट ९६च्या खाली नेऊ नका.

मांडवातली जोडणी

आवाज मिक्सरच्या मेन आउटवरून घेऊ नका. स्पीकर शिट्टी मारायला लागले की ध्वनिक्षेपकवाला मेन फेडर खाली ओढतो आणि तुमचं प्रसारणही खाली जातं. ऑक्स सेंड (मिक्सरचं वेगळं आउटपुट) प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीचा आवाज घेणारं, करून घ्या आणि यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनपुटला द्या. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात लाइनचा आवाज घातला तर तो फाटतोच. गुणगुण येत असेल तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. अर्थिंगची पिन काढून ठेवणं हा उपाय नाही, त्यात जीव जातो. लेव्हल अशी ठेवा की जोरातला गजर −६ डेसिबलच्या वर जाणार नाही आणि एरवीचं भजन −१२च्या आसपास राहील.

पखवाज आणि झांज मांडवात तशाच ऐकू येतात, म्हणून त्यांना पुष्कळदा माइकच लावलेला नसतो. मग ऐकणाऱ्याला नुसता गायक आणि हार्मोनियम मिळते. वादकांपासून दोनेक मीटरवर एक वेगळा माइक लावा आणि तो फक्त ऑक्समध्ये सोडा, स्पीकरवर नको. वर पत्रे असतील तर पावसाची सर आली की हाच माइक नुसता पाऊस ऐकवतो. तेव्हा त्याचा ऑक्स अर्ध्यावर आणायला माणूस नेमा. पत्र्याखाली मोबाइलचं सिग्नलही पडतं, त्यामुळे ४जी राउटर मांडवाच्या कडेला, पागोळ्यांपासून लांब ठेवायचा.

पाठवण्यासाठी 'बट' हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. त्यात तुटल्यावर आपोआप पुन्हा जोडण्याची खूण चालू करा. रेकॉर्डिंग तिथेच, लॅपटॉपवर करा आणि दर ६० मिनिटांना नवी फाइल पाडा. सर्व्हरवरच्या रेकॉर्डिंगमध्ये नेट तुटलेला भाग येणारच नाही. लॅपटॉपची झोप आणि आपोआप अपडेट बंद करा. वीज गेल्यापासून जनरेटर चालू होईपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर तगतो. फायबरचा डबा आणि राउटर मात्र त्याच क्षणी बंद पडतात आणि परत उठायला दोन-तीन मिनिटं घेतात. दोघांनाही १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा (आधी डब्यावरचे व्होल्ट वाचा, सगळे १२चे नसतात).

सर्व्हरवरच्या सेटिंग

डेबियन या लिनक्स वितरणात आइसकास्टची एक्सएमएल फाइल 'ईटीसी'खालच्या आइसकास्ट२ फोल्डरमध्ये असते. सोर्स, रिले (एका सर्व्हरचा प्रवाह दुसऱ्याने ओढून पुढे वाटणं) आणि ॲडमिन हे तिन्ही पासवर्ड बदला. मूळ फाइलमधला 'हॅकमी' हा पासवर्ड जगजाहीर आहे.

मग लिमिट्स. क्लायंट्स १०० असतात, ते ५०० करा. सोर्सेस २ असतात, ते ५ करा. ही दुसरी ओळ विसरली की मुख्य आणि राखीव सोर्स जोडले जातात, तिसऱ्याला नकार मिळतो आणि माणूस पासवर्ड तपासत बसतो.

बर्स्ट-साइझ म्हणजे नवा श्रोता आल्यावर त्याला एकदम दिलेला साठा. तो बाइटमध्ये लिहायचा असतो आणि मूळचा सुमारे ६५,५०० असतो. ९६ केबीपीएसला हे साडेपाच सेकंद झाले, ३२ला सोळा आणि १२८ला जेमतेम चार. एकाच सर्व्हरवर वेगवेगळ्या बिटरेटचे माउंट (सर्व्हरवरचा एकेका प्रवाहाचा पत्ता) असतील तर प्रत्येकाला वेगळा आकडा द्यावा लागतो. आपल्याला वीस सेकंदांचा साठा हवा, म्हणून त्या माउंटच्या रकान्यात २,४०,००० लिहा. आखातात बसलेल्याला भजन वीस सेकंद मागे चालल्याने काही फरक पडत नाही, आणि त्याचं नेट दहा सेकंद अडखळलं तरी कळत नाही. क्यू-साइझ मूळचा ५,२४,२८८ असतो, म्हणजे आपल्या बिटरेटला सुमारे ४३ सेकंद. श्रोता त्याहून मागे पडला की सर्व्हर त्याला सोडून देतो. तो तसाच राहू द्या, फक्त बर्स्ट कायम त्याच्यापेक्षा लहान असला पाहिजे.

हा आकडा सेकंदांत लिहिता यावा, ही पुढच्या आवृत्तीकडची आमची पहिली मागणी. दिसायला किरकोळ आहे, पण 'सुरू व्हायला वेळ लागतो' आणि 'सारखं अडकतं' या तक्रारी पुष्कळदा या बाइटच्या गणितातून येतात.

माउंटच्या रकान्यात कॅरसेट (अक्षरांची संकेतपद्धत) यूटीएफ-८ लिहून टाका. एमपी३साठी आइसकास्ट एरवी लॅटिन लिपी धरून चालतं, त्यामुळे भजनी मंडळाचं देवनागरी नाव श्रोत्याच्या पडद्यावर चिन्हांचा कचरा होऊन उमटतं.

वेबसाइट सुरक्षित असेल तर प्रवाहही एचटीटीपीएसवरून हवा, नाहीतर ब्राउझर तो अडवतात. सरळ मार्ग म्हणजे पुढे एनजिन्एक्स हा वेब सर्व्हर ठेवून मागे पोर्ट ८०००वर आइसकास्ट. त्यात प्रॉक्सी बफरिंग बंद करा आणि जोडण्यांची मर्यादा वाढवा, कारण प्रत्येक श्रोता तिथे दोन जोडण्या खातो, एक पुढची आणि एक मागची. डेबियनच्या ७६८ या मर्यादेत एका वर्करला (एनजिन्एक्सच्या एका कामकरी प्रक्रियेला) ३८४च श्रोते मावतात. शिवाय आइसकास्टच्या नोंदींत सगळे श्रोते एकाच स्थानिक पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात. देशवार आकडे हवे असतील तर ते एनजिन्एक्सच्या नोंदींतून काढा.

तुटण्याचा क्षण

सगळं काम इथे अडतं. फायबर गेलं, राउटर ४जीवर वळला. देवळातला आयपी पत्ता बदलला, म्हणजे जुनी टीसीपी जोडणी मेली. पण सर्व्हरला ते कळत नाही, कारण निरोप द्यायला कोणी उरलंच नाही. तो सोर्स-टाइमआउटभर, मूळच्या सेटिंगप्रमाणे १० सेकंद, वाट बघतो. तेवढ्यात बट नव्या वाटेने येऊन उभा राहतो आणि त्याला उत्तर मिळतं: ४०३, माउंटपॉइंट वापरात आहे. जागा अडवून बसलेला असतो त्याचाच मेलेला जुना अवतार. टाइमआउट संपला की माउंट जातं, आणि सोय केलेली नसेल तर सगळे श्रोते तुटतात. ब्राउझरमधला साधा ऑडिओ प्लेअर आपणहून परत जोडत नाही, त्यामुळे ते परतही येत नाहीत.

टाइमआउट २ सेकंद करावा असं वाटेल. तसं केलं तर ४जीवरचा साधा आचकाही सोर्सला बाहेर फेकतो. १० राहू द्या आणि माउंटची साखळी बांधा. मुख्य माउंट फायबरवरच्या लॅपटॉपचं. दुसरं राखीव माउंट ४जीवरच्या वेगळ्या फोनचं किंवा लॅपटॉपचं, सतत चालू. तिसरं सर्व्हरवरच लिक्विडसोपने (आवाजाचा प्रवाह तयार करणाऱ्या प्रोग्रॅमने) चालवलेलं, त्यात तंबोरा किंवा 'प्रसारण लवकरच सुरू होईल' अशी सूचना. मुख्य माउंटचं फॉलबॅक-माउंट (ते गेलं की श्रोते जिथे वळतात ते) दुसरं, दुसऱ्याचं तिसरं. दोन्हींवर फॉलबॅक-ओव्हरराइड १, म्हणजे सोर्स परत आला की श्रोते आपोआप मागे येतात. तिन्ही ठिकाणी कोडेक, बिटरेट, सॅम्पल रेट आणि मोनो अगदी सारखं ठेवा. एक जरी ४८ किलोहर्ट्झवर राहिलं तरी वळताना आवाजाची पट्टी बदलते किंवा प्लेअर थांबतो. साखळी बसली की दहा सेकंदांचा तो खड्डा वीस सेकंदांच्या साठ्यात बहुतेक बुजतो.

दुसरी मागणी, आणि आमच्या मते सगळ्यांत मोलाची, यावरूनच निघते: त्याच पासवर्डने नवा सोर्स आला तर जुन्याला काढून जागा नव्याला द्यावी आणि श्रोत्यांना हात लावू नये. हे वागणं माउंटवार चालू-बंद करता यावं. एकाच पासवर्डवर दोन माणसं चुकून एकाच माउंटवर आली तर ती एकमेकांना ढकलत राहतील, हा धोका खरा आहे.

नीरव शांततेची गोष्ट वेगळी. केबल निसटली तर सोर्स जोडलेला राहतो, डेटा येत राहतो, फक्त त्यात आवाज नसतो. फॉलबॅक चालत नाही. लिक्विडसोप शांतता ओळखू शकतं. मर्यादा ६० सेकंदांच्या खाली नेऊ नका, मंडळ बदलताना तेवढा खंड पडतोच. मध्येच डेकोरेशनवाल्याने सिनेमाची गाणी लावली तर ऑक्स खाली घ्या, ती पुढे पाठवायचा हक्क तुमच्याकडे नाही.

नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी

उत्सवाच्या आठवड्यात सर्व्हर बदलू नका. नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या नोंदींसह, पोर्ट ८१००वर चालवा आणि तिला जुन्या सर्व्हरचं माउंट रिले म्हणून ओढायला सांगा. खरा प्रवाह मिळतो आणि खऱ्या श्रोत्यांना धक्का लागत नाही. चार-पाच जाणकारांना नवा पत्ता देऊन दिवसभर ऐकू द्या.

तुटण्याची चाचणी रिलेवर करू नका. नव्या आवृत्तीवर वेगळं माउंट घेऊन दुसऱ्या लॅपटॉपवरून थेट पाठवा. बटमधलं थांबवण्याचं बटण दाबलं तर जोडणी नीट निरोप घेऊन बंद होते, आणि नेमका तोच प्रसंग देवळात येत नाही. राउटरला येणारी फायबरकडची तार काढा आणि ४जीवर वळू द्या. ४०३ किती वेळा आला आणि श्रोता कुठल्या माउंटवर गेला, हे नोंदींत बघा.

मागणी लिहिण्यापूर्वी ती कोणाच्या दारची आहे ते ठरवा. ऑग बदलल्यावर ब्राउझर गप्प होतो, हे ब्राउझरचं. मोबाइल वायफायवरून ४जीवर गेला की प्रवाह तुटतो, याला एचएलएस (आवाजाचे छोटे तुकडे करून वाटण्याची पद्धत) हे उत्तर आहे. पण ते आइसकास्टमध्येच घाला असं आम्ही म्हणणार नाही. एफएफएमपेग हा प्रोग्रॅम बाजूला बसून तुकडे पाडतं आणि साधा वेब सर्व्हर ते वाटतो. सर्व्हर लहान राहिला तरच तो १ जीबीच्या यंत्रावर चालत राहील.

उरलेली मागणी एका वेळी एकच पाठवा. त्यात आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, ऑपरेटिंग सिस्टिम, सोर्स प्रोग्रॅम, चार-पाच ओळींत पुन्हा घडवण्याची रीत, काय घडलं आणि काय घडायला हवं होतं, एवढं द्या. नोंदींची पातळी मूळची ३ असते. चाचणीपुरती ४ करा आणि तुटण्याआधी-नंतरच्या मिनिटभराच्याच ओळी जोडा. सेटिंगची फाइल जोडताना तिन्ही पासवर्ड खोडा, आणि नोंदींतले श्रोत्यांचे आयपी पत्तेही.