गावाने वर्गणी दिली, तरी शाळा तिथेच? या चुका टाळा

आमच्या गावाने जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी वर्गणी काढून मोठा टीव्ही घेतला. नारळ फुटला, पेढे वाटले. पुढच्याच उन्हाळ्यात थकलेल्या बिलापायी वीज तोडली गेली. टीव्हीवर घातलेली फुलाफुलांची चादर मी दोन वर्षं तशीच बघत होते. बिल कोण भरणार, हे वर्गणी काढताना आमच्यापैकी कोणी विचारलंच नव्हतं. तेव्हा वस्तू घेण्याआधी तिचा वर्षाचा खर्च वहीत मांडा आणि तो कुठून येणार, तेही लिहा.

हात धुण्याच्या नळांचंही तसंच. चार नळ गळायला लागले की मागचा कॉकच बंद करून टाकतात. वॉशर बदलायला पाच मिनिटं लागतात! समग्र शिक्षा अभियानातून शाळेला पटानुसार जे अनुदान मिळतं, त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. तो हिशोब मागा.

आणि तो मागण्याचा हक्क शाळा व्यवस्थापन समितीला आहेच. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 21 नुसार समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, विकास आराखडा करणं, अनुदानाचा खर्च तपासणं ही तिची कामं. पण होतं काय? चौथीतलं पोर समितीच्या बैठकीची प्रोसिडिंगची वही घेऊन दारात येतं, "काकू, सरांनी सही मागितलीय," आणि काकू पिठाचे हात पदराला पुसून सही करतात. न झालेल्या बैठकीवर! सगळ्यात मोठी चूक मला हीच वाटते, कारण बाकीच्या चुका त्या बैठकीतच सापडल्या असत्या.

यात दोष काकूंचा नाही. बैठक सकाळी अकराला ठेवली तर खुरपणीला गेलेली आई येणार कशी? बाजारच्या दिवशी ठेवा, नाहीतर दिवेलागणीला. आदल्या दिवशी घरोघरी सांगा. मागच्या बैठकीत काय ठरलं ते आधी मोठ्याने वाचा, मगच सह्या.

समितीने केलेला शाळेचा आराखडा कपाटात ठेवू नका. शाळेची मागणी ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात गेली नाही, तर तिथला निधी मिळत नाही. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पालकांनी ती स्वतः मांडावी. समितीचा अध्यक्ष निवडताना पॅनेलचं राजकारण मात्र वेशीबाहेर ठेवा.

भिंती रंगल्या म्हणजे शाळा सुधारली, असंही धरून चालू नका. पोर वाचतंय का? दर बैठकीत गुरुजींना एवढंच विचारा: तिसरीतली किती मुलं धडा न अडखळता वाचतात, मागच्या महिन्यात किती वाचत होती? कोणत्याही मुलाचं नाव घेऊन त्याला लाजवू नका.

ऊसतोडीच्या गावांनी एक चूक कटाक्षाने टाळावी. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि पटावरची पोरं गाडीत बसून जातात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, पण यादी आणि प्रस्ताव आधी लागतो. सप्टेंबरातच घरोघर फिरा, कोणाची आजी पोराला ठेवून घेईल ते विचारा. टोळीच्या मुकादमाने आगाऊ उचल देऊन झाल्यावर, बोचकी बांधून झाल्यावर गेलात, तर कोणी थांबत नाही.