मंकी पॅच मारताय? मग या चुका टाळा

लायब्ररीतलं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडमधलं, एखादं फंक्शन मनासारखं वागत नाही, म्हणून प्रोग्राम चालू असतानाच ते काढून तिथे आपलं बसवायचं, हा मंकी पॅचिंगचा उद्योग. पायथन, रुबी, जावास्क्रिप्ट, तिघांनाही तो चालतो. माझंही काही म्हणणं नाही. राग येतो तो घाईघाईत पॅच मारून 'चालतंय की' म्हणत घरी जाणाऱ्यांचा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पॅच भलत्याच जागी मारणं. एका टीममध्ये बिलाची रक्कम पूर्णांकात आणणारं फंक्शन असंच बदललं होतं. टेस्ट सगळ्या हिरव्या, लॉगमध्ये 'पॅच लागला' अशी ऐटदार ओळ. तरी रिपोर्टमध्ये आकडे नवे आणि ग्राहकाच्या पीडीएफमध्ये जुनेच! आधी कॅशेवर (साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतींवर) संशय, मग डेटाबेसवर, मग उगाच सर्व्हर रीस्टार्ट. पीडीएफवाली फाइल उघडून बघायचं मात्र कुणाला सुचेना. तिच्यात वरच 'फ्रॉम अमुक इम्पोर्ट तमुक' लिहिलेलं. पायथनमध्ये अशा इम्पोर्टने फाइल फंक्शन थेट स्वतःकडे घेते; नंतर मूळ मॉड्यूलमध्ये, म्हणजे फंक्शन जिथे लिहिलंय त्या फाइलमध्ये, काहीही बदला, तिच्याकडे जुनंच राहतं. रिपोर्टवाली फाइल मॉड्यूलचं नाव लावून, टिंब देऊन बोलवत होती, म्हणून तिला नवं मिळालं. टेस्टही तशाच लिहिलेल्या. तेव्हा फंक्शन जिथे वापरलंय तिथल्या नावावर पॅच मारा, नाहीतर बाकीचे इम्पोर्ट व्हायच्या आधी मारा. जीइव्हेंट या पायथन लायब्ररीचं 'पॅच ऑल' अगदी सुरुवातीला चालवायला सांगतात, ते उगाच नाही.

मूळ फंक्शन दुसऱ्या नावाने जपून ठेवा. नाहीतर नवं फंक्शन जुन्याला हाक मारायला जातं आणि स्वतःलाच बोलावत बसतं. अशा एकात एक साधारण 1000 हाकांनंतर पायथन हात टेकतं.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी सवय: लायब्ररीतलं अख्खं फंक्शन कॉपी करायचं आणि त्यातली एक ओळ बदलायची. पुढच्या आवृत्तीत लायब्ररीवाले त्यातलं सुरक्षेचं भोक बुजवतात, आणि तुमची कॉपी ते पुन्हा उघडते. एरर नाही, काही नाही. मी पॅचच्या वरच लायब्ररीची आवृत्ती तपासतो. ओळखीची नसेल तर प्रोग्राम सुरूच होऊ देत नाही. अपग्रेड करणारे चिडतात. चिडू देत.

जावास्क्रिप्टमध्ये अॅरेच्या प्रोटोटाइपला, म्हणजे सगळ्या अॅरे जिथून मेथड (फंक्शन) घेतात त्या सामायिक साच्याला, स्वतःच्या मेथड चिकटवू नका. मूटूल्स या जुन्या लायब्ररीने 'फ्लॅटन' चिकटवलं होतं; 2018 मध्ये तेच नाव भाषेत आणायचं घाटलं तेव्हा जुन्या साइट मोडू लागल्या, आणि भाषेच्या 2019 च्या अधिकृत आवृत्तीत ती मेथड 'फ्लॅट' म्हणून आली.

रुबीत क्लास पुन्हा उघडून सगळ्या प्रोग्रामसाठी बदलण्याआधी रिफाइनमेंट ही सोय बघा. बदल तुमच्या फाइलपुरता राहतो.

आणि जावास्क्रिप्टच्या इन्स्टॉल केलेल्या लायब्ररी असतात त्या नोड मॉड्यूल्सच्या फोल्डरमध्ये जाऊन थेट फाइल बदलणं हा पॅचच नव्हे. नव्याने इन्स्टॉल केलं की गेलं.