ध्रुवीय हिमनदीचा वेग प्रत्यक्ष जागेवर कसा मोजावा

हिमनदीचा वेग मोजायचा म्हणजे बर्फात रोवलेल्या काठीचे स्थान दोन वेगवेगळ्या वेळी अचूक टिपायचे. खरा विचार करावा लागतो तो या दोन नोंदींमधील कालावधीचा. अंटार्क्टिकाच्या अंतर्भागातील बर्फ वर्षाला जेमतेम काही मीटर सरकतो, तर ग्रीनलंडमधील याकोब्सहाव्न हिमनदीचा वेग २०१२ च्या उन्हाळ्यात दिवसाला सुमारे ४६ मीटरपर्यंत गेला होता. प्रत्येक स्थाननिश्चितीत २ सेंटीमीटरची त्रुटी धरली, तर दोन स्थानांमधील अंतरात ती जवळजवळ ३ सेंटीमीटर होते. वर्षाला ५ मीटर सरकणारा बर्फ दिवसाला दीड सेंटीमीटरही हलत नसल्याने तेथे दोन दिवसांचे मोजमाप निरर्थक ठरते; वर्षभराने मात्र हीच त्रुटी एक टक्क्याहून कमी भरते.

काठ्या बांबूच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या असाव्यात आणि गिरमिटाने भोक पाडून त्या खोल रोवाव्यात. जेथे बर्फ वितळतो तेथे काठी उघडी पडून कलते आणि जेथे हिम साचते तेथे ती गाडली जाते, हे लक्षात घेऊन तिची लांबी ठरवावी. कडेच्या घर्षणामुळे मध्यभागाचा वेग सहसा जास्त असतो, म्हणून प्रवाहाला आडवी रांग घ्यावी. हिमभेगांच्या प्रदेशात दोराविना पाऊल टाकू नये. बर्फाने झाकलेली भेग वरून दिसत नाही.

संदर्भस्थानक, म्हणजे ज्याच्या तुलनेत काठीचे स्थान मोजायचे तो स्थिर जीपीएस संच, उघड्या पायाखडकावर बसवावे, कारण तेच हलले तर सगळे गणित फसते. दोन फ्रिक्वेन्सींचा जीपीएस ग्राहक (उपग्रहांचे संदेश टिपणारा रिसीव्हर) काठीवर काही तास चालू ठेवावा, काठीचा कल नोंदवावा आणि त्यावरून काठीच्या टोकाऐवजी बर्फातील बुंध्याचे स्थान काढून लिहावे. जीपीएस नसेल, तर खडकावरील दोन ज्ञात बिंदूंवरून थिओडोलाइटने (कोन मोजण्याच्या दुर्बिणीने) कोन घेऊनही स्थान काढता येते.

समजा, २० दिवसांत काठी पूर्वेला ३ आणि उत्तरेला ४ मीटर सरकली, तर विस्थापन ५ मीटर आणि वेग दिवसाला २५ सेंटीमीटर येतो. त्याला ३६५ ने गुणून वार्षिक वेग सांगण्याचा मोह टाळावा, कारण उन्हाळ्यात वितळलेले पाणी तळाशी पोहोचले की हिमनदी काही काळ वेगाने घसरू शकते. पश्चिम अंटार्क्टिकातील व्हिलन्स हिमप्रवाह तर दिवसातून साधारण दोनदा अर्ध्या तासाच्या आत सुमारे अर्धा मीटर पुढे सरकतो आणि एरवी जवळजवळ थबकलेला असतो. अशा ठिकाणी काठीवरचा ग्राहक अखंड चालू ठेवावा लागतो.