मराठवाड्यात वर्षभर लो-कार्ब कसं टिकवायचं: ऋतू बदलला की ताट कसं बदलायचं

परभणीत माझं कृषी सेवा केंद्र आहे, दिवसभर गल्ल्यावर बसून काम, अन् चार वर्षांपूर्वी शुगर बॉर्डरवर आली तेव्हापासून मी भाकर-भात कमी करून जेवायलोय. पहिल्या वर्षी एकच चार्ट बारा महिने लावला. थंडीत सुरू केलेलं मे महिन्यात पार कोलमडलं, मग उन्हाळ्यात कसंबसं बसवलेलं डिसेंबरात कोलमडलं, अन् मला वाटायचं आपलाच मनावर ताबा नाही. पण आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो अन् थंडीत पहाटे दहाच्या खाली उतरतो, एवढ्या फरकात भूक एकसारखी राहीलच कशी? मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग अंगाचं तापमानही सांभाळतो अन् भूकही, त्यामुळं उन्हात भूक मरणं अन् थंडीत खा-खा सुटणं हे शरीराचं काम आहे, तुमचा दोष नाही. चार्ट भुकेच्या मागं न्यायचा, हे कळायला माझी दोन वर्षं गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितोय.

सुरू करायच्या आधी: औषधं

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी चालू असेल तर भाकर कमी केल्यावर शुगर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून डोस डॉक्टरांकडून आधी बदलून घ्या, मग ताट बदला. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्यांवर असाल तर कार्ब (भाकर-भात-साखरेतले पिष्ट अन् साखर) फारच कमी करणं किंवा वरून कडक उपवास धरणं धोक्याचं, कारण शुगर नॉर्मल दिसत असताना सुद्धा रक्तात आम्ल वाढू शकतं. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी अन् गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायांनी हे स्वतःच्या मनानं करूच नये.

पायरी १: आपली भाकर तोला

सगळे म्हणतात ज्वारी शुगरला चांगली, म्हणून चार भाकरी खातात. मी दुकानातला बियाणं तोलायचा छोटा काटा घरी आणला अन् आईला म्हणलं, आज उंडा थापायच्या आधी पीठ तोलू. आईच्या एका भाकरीला ९० ग्रॅम पीठ लागत होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ६८ ग्रॅम कार्ब आहेत, बाजरीत ६२, गव्हाच्या पिठात ६४, तांदळात ७८. म्हणजे आईची एक भाकर ६० ग्रॅम कार्बची, अन् मी दिवसात चार खायचो. लो-कार्ब म्हणजे सर्वसाधारण दिवसाला १३० ग्रॅमच्या आत (किटो त्याच्याही फार खाली, ५० च्या आत, ते मी केलं नाही अन् कुणाला करा म्हणणारही नाही). ज्वारी का बाजरी हा वाद म्हणून मला फार महत्त्वाचा वाटत नाही, खरा फरक भाकरीच्या आकारात आहे.

आई पहिल्यांदा नाराज झाली, "एवढूशी भाकर पाहुण्याला वाढली तर लोक काय म्हणतील रं." पण आठ दिवसांत तिचा हात बसला. आता ती ४५ ग्रॅम पिठाची पातळ भाकर थापते, म्हणजे ३० ग्रॅम कार्ब. पुढं जिथं जिथं "छोटी भाकर" लिहिलंय तिथं हीच समजा. ऋतू बदलला की फक्त या छोट्या भाकरीची संख्या बदलायची, बाकी हिशोब डोक्यात ठेवावा लागत नाही. वरण मात्र सोडू नका पण वाटीनं मोजा, तुरीच्या डाळीत प्रोटीन चांगलंय तरी १०० ग्रॅम कच्च्या डाळीत ५५ ग्रॅमच्या आसपास कार्ब पण आहेत.

पायरी २: पंधरा दिवस भुकेची वही

काय खाल्लं ते लिहायची गरज नाही, भूक कधी लागली तेवढंच लिहा. वेळ, अन् त्याच्या आधी पाणी कधी पिलो होतो. भूक लागली की ग्लासभर पाणी किंवा ताक, मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, तरी भूक राहिली तर ती भूक खरी. माझ्या वहीत एप्रिलमध्ये दुपारी चारची "भूक" बहुतेक रोज ताकानं गेली होती, अन् डिसेंबरात सकाळी अकराची एकदाही गेली नाही. ही वही प्रत्येक ऋतूच्या तोंडावर परत धरायची.

पायरी ३: उन्हाळा, आधी मीठ-पाणी मग ताट

उन्हाळ्यात भूक नसते म्हणून लोकांना वाटतं आता लो-कार्ब सोपं. माझ्या मते हाच ऋतू सगळ्यात जपून काढायचा आहे.

कार्ब कमी केले की अंगातलं इन्सुलिन खाली येतं, मग किडनी मीठ अन् पाणी जास्त बाहेर टाकते. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरतात ना, ते बरंचसं पाणीच असतं, चरबी नाही. त्यात आपला मे महिना, घामानं मीठ जायलंच. पहिल्या उन्हाळ्यात खताची गाडी खाली करून घेत होतो, सकाळपासून नुसतं पाणी पीत होतो, वाकून पोतं बघायला गेलो अन् डोळ्यासमोर एकदम अंधारी आली, शटरला धरून खाली बसलो. दवाखान्यात बीपी ९०/६० निघालं. डॉक्टर म्हणाले शुगर बरोबर आहे, मीठ-पाणी कमी पडलंय.

तेव्हापासून मार्च लागला की दुकानात दोन लिटरची बाटली भरून ताक असतं, पातळ, जिरेपूड टाकून, अन् दिवसभराच्या ताकात मिळून सपाट अर्धा चमचा मीठ. बीपीची गोळी चालू असेल तर हे जास्तीचं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पिंडऱ्यात गोळे येणं, दुपारी डोकं धरणं, उठलं की गरगरणं, ही मीठ कमी पडल्याची लक्षणं असू शकतात, त्यावर रसवंतीत जाऊन बसणं हा उपाय नाही, एका ग्लास रसात पंचवीस-तीस ग्रॅम साखर आरामात असते. लिंबू-मीठ-पाणी प्या.

दुसरी गोष्ट, भूक मेली की पहिल्यांदा प्रोटीन सुटतं. आपण भाजी-वरण बाजूला सारतो अन् टरबूज, आईस्क्रीम, सरबत यावर दिवस काढतो, म्हणजे जेवलो कमी अन् साखर गेली जास्त. प्रोटीन पचवायला अंगात उष्णताही जास्त तयार होते, म्हणून दुपारी मटण-अंडा करी नको वाटतं ते साहजिकच आहे. उपाय वेळेत आहे. मुख्य जेवण सकाळी नऊच्या आत किंवा रात्री आठनंतर घ्या, तेव्हा दोन अंडी किंवा पनीर किंवा मटकीची उसळ, एक छोटी भाकर. दुपारी नुसतं थंड ताट: घट्ट दही, त्यात मूठभर शेंगदाण्याचा कूट, काकडी, कांदा, वरून हिरवी मिरची तेलात परतून. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साधारण २४ ग्रॅम प्रोटीन आहे अन् कार्ब १७ च्या आसपास, आपल्या भागात यापेक्षा स्वस्त अन् सोपं दुसरं काही मला सापडलं नाही. चिघळीची भाजी उन्हाळ्यात मिळते, आंबटसर, ती सोडू नका. आंबील करा पण लोटाभर ताकाला एकच चमचा पीठ.

माळवं महाग होतं ही खरी अडचण. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तसला उन्हाळा आला की पालेभाजी कुठून आणायची? त्यासाठी थंडीतच हरभऱ्याची भाजी सावलीत वाळवून ठेवा, एप्रिल-मेमध्ये ताकात बेसन कालवून तिची पातळ भाजी होते. आई आधीपासून हेच करायची, मी मध्ये उगाच बंद करायला लावलं होतं.

अन् केसर आंबा. मी खातो. १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम साखर असते, म्हणून जेवणात भाकर सोडून एक आंबा, कापून, चावून. आमरस नाही, कारण वाटीला वाटी लागते अन् मोजमाप राहत नाही.

पायरी ४: पावसाळा, चहा अन् उपवास

जूनमध्ये सोयाबीनच्या बियाण्याची गर्दी सुरू झाली की मला जेवायला वेळ नसतो, अन् प्रत्येक गिऱ्हाईकासोबत अर्धा चहा होतो. एकदा मोजले, दिवसाला नऊ. एका कपात दीड चमचा साखर धरली तरी साठ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन छोट्या भाकरी नुसत्या चहातून. पावसाळ्यात भाकर कमी करायच्या आधी चहा बघा. बिनसाखरेचा जमत नसेल तर कपच तीनवर आणा, अन् गल्ल्यात फुटाणे-शेंगदाण्याची पुडी ठेवा, नाहीतर समोरच्या गाड्यावरची भजी येतातच.

आयुर्वेदात वर्षा ऋतूत अग्नी मंद असतो असं सांगितलंय, अन् अनुभव पण तसाच आहे, जेवण जड पडतं. दोन छोट्या भाकरी, गरम पातळ वरण, अन् रानभाज्या. तरोटा, कुर्डू, केना, पाथरी, हे सगळं जून-जुलैमध्ये बांधावर फुकट असतं. फक्त ओळखणाऱ्याकडूनच घ्या अन् धुऊन, शिजवूनच खा.

श्रावणातल्या उपवासाला खरी गफलत होते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, खिचडीची मोठी प्लेट कार्बमध्ये आईच्या जुन्या भाकरीच्या वर जाते, अन् आपण म्हणतो आज काही खाल्लं नाही. त्याऐवजी शेंगदाण्याची आमटी वाटीभर, दही, काकडीची कोशिंबीर, ओलं खोबरं, अन् फारच झालं तर लहान वाटी भगर. लातूरला वैद्यकीय प्राध्यापकी केलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा जेवायची पद्धत आपल्याकडं घरोघरी माहीत आहे, बरेच जण ती अन् लो-कार्ब एकच समजतात. तसं नाही. ती जेवणाच्या वेळांची पद्धत आहे, ताटात काय असावं हा वेगळा प्रश्न.

महालक्ष्म्यांना पुरणपोळी एक, तीही आधी भाज्या-कटाची आमटी पोटात गेल्यावर. दिवाळीचं सुद्धा तसंच, फराळ जेवणानंतर, रिकाम्या पोटी नाही.

पायरी ५: थंडी, भुकेला नाही म्हणू नका

डिसेंबरात मी पूर्वी उन्हाळ्याचाच चार्ट धरायचो अन् रात्री दहाला डब्यातले लाडू संपवायचो. आता दिवाळीनंतर भाकर दोनवरून तीन करतो, तिसरी सकाळी. सकाळचं जेवण दणकट: बाजरीची भाकर, तिच्यावर लोणी, दोन अंड्यांची पोळी किंवा तुरीच्या ओल्या सोल्यांची आमटी, हरभऱ्याची किंवा करडईची पालेभाजी, जवसाची चटणी तेल घालून. तेल-तुपाला इथं घाबरू नका, भाकर कमी अन् तेल पण कमी असं केलं तर पोट भरणार कशानं? थंडीत तहान कमी लागते म्हणून पाणी आठवणीनं प्यावं लागतं, माझी वही सांगते की जानेवारीत मी निम्मंच पाणी पितो.

हुरडा. आगटीभोवती बसलं, गरम कणीस हातावर चोळलं, फुंकर मारून तूस उडवलं अन् दाणे तोंडात, की थांबायचं कुठं तेच कळत नाही, कारण कुणी वाढत नाही, आपणच घेत राहतो. कोवळा असला तरी ती ज्वारीच आहे. मी त्या दिवशी तिन्ही भाकरी सोडतो, हुरडा शेंगदाण्याच्या चटणीसोबत अन् दह्यासोबत खातो, गूळ-रेवडी दुसऱ्याला देतो.

वेळ अमावस्येला (मार्गशीर्षातली, शेतात जाऊन जेवायचा सण) आमची मावशी औशाजवळच्या शेतात बोलावते. तिथं ताट बघा: भज्जीत तुरीचे, हरभऱ्याचे दाणे, वाटाणा, मेथी-चुका सगळं बेसनात घोटलेलं, सोबत बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. पहिल्या वर्षी मी काहीच न खाता बसलो, मावशीच्या डोळ्यात पाणी आलं, "माझ्या हातचं नको का रं तुला?" ते मला अजून टोचतं. आता दोन वाट्या भज्जी, एक उंडा, लोटाभर आंबील, अन् खीर तिच्या हातानं चमचाभर. दुसऱ्या दिवशी उपाशी राहायचं नाही, नेहमीचं सकाळचं जेवण करायचं, फक्त भाकर एक कमी.

पायरी ६: ऋतू पालटताना घाई नको

भूक एका दिवसात बदलत नाही, दहा-पंधरा दिवस मागं-पुढं होते. ऑक्टोबरात तर दुपारी उन्हाळा अन् रात्री थंडी, त्या महिन्यात दुपारचं ताट उन्हाळ्याचं ठेवा अन् रात्रीचं पावसाळ्याचं. तीन महिन्यांची सरासरी शुगर, एचबीए१सी, मी दरवर्षी फेब्रुवारीत अन् ऑगस्टमध्ये करतो, म्हणजे थंडीतली वाढवलेली भाकर अन् पावसाळ्यातला चहा, दोन्हीचा हिशोब कागदावर येतो. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली, की आठवडाभर थांबून तिसरी भाकर काढायची, अन् ताकाची बाटली धुऊन परत दुकानात न्यायची.