रोजची वजनदार गाडी ट्रॅकवर नेताय? या चुका टाळा

ट्रॅक डे म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस. दर ट्रॅक डेला हे बघतो. सकाळच्या पहिल्या सेशनला पाच-सहाशे हॉर्सपॉवरची चार दरवाज्यांची गाडी रुबाबात बाहेर पडते आणि दुपारी तीच गाडी ब्रेक पॅडचा (चाकाची डिस्क दाबून धरणाऱ्या तुकड्यांचा) जळका वास सोडत कोपऱ्यात उभी असते. मालक सांगत असतो, "कंपनीने ब्रेक कच्चे दिलेत." ब्रेक कच्चे नसतात. आपण किती वजन थांबवतोय, हे त्याने कधी मोजलेलं नसतं.

ताकदवान गाडी रस्त्यावर आपलं वजन जाणवू देत नाही. ॲक्सिलरेटर दाबला की ती हलक्या गाडीसारखी सुटते. २०२४ मध्ये आलेली बीएमडब्ल्यू एम५ हायब्रिड झाली आणि सुमारे २,४०० किलोंवर पोचली. माझदाची एमएक्स-५ तिच्या निम्मीसुद्धा भरत नाही. रोजच्या वापरात हा फरक कळत नाही. ट्रॅकवर तो पहिल्या मोठ्या सरळ पट्ट्याच्या शेवटी कळतो.

जुनं ब्रेक फ्लुइड

पेडलचा दाब चाकाच्या ब्रेकपर्यंत नेणारा द्रव म्हणजे ब्रेक फ्लुइड. माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे, म्हणून इथे वेळ घेतो.

आधी हिशोब करू. १,९०० किलोची गाडी ताशी २०० किलोमीटरवरून ८० वर आणली, तर ब्रेकना साधारण २५ लाख ज्यूल ऊर्जा गिळावी लागते. तेवढ्या उष्णतेत सात लिटर गार पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. आता त्याच पट्ट्यावर १,०५० किलोची छोटी गाडी घ्या. तिच्यात ताकद कमी, त्यामुळे ती १६० पर्यंतच पोचते. तिथून ८० वर येताना तिच्या ब्रेकवर आठ लाखांच्या आतच भार पडतो. वजन दुपटीहून कमी आहे, पण उष्णता तिप्पट, कारण वेगाचा वर्ग होतो. आणि हे एका वळणाचं झालं. एका लॅपमध्ये अशी चार-पाच वळणं येतात, आणि दोन वळणांच्या मध्ये डिस्क गार व्हायला काही सेकंदच मिळतात.

ही उष्णता पॅडमधून कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या पकडीच्या) पिस्टनला आणि तिथून फ्लुइडला पोचते. नवं डॉट ४ (फ्लुइडचा एक प्रमाणित दर्जा) फ्लुइड किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा ओढून घेतं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की त्याच्या मानकानुसार ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. उकळलेल्या फ्लुइडमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुम्ही पेडल दाबता, आत बुडबुडे चेपतात आणि पॅड जागचे हलत नाहीत.

हे मी शेजारच्या सीटवर बसून अनुभवलंय. एका नवख्या मुलाला शिकवत होतो. टर्बोची मोठी सेडान, त्याची रोजची गाडी. खास ट्रॅक डेसाठी त्याने महागडे पॅड बसवले होते आणि ते मला कौतुकाने दाखवलेही. पहिलं सेशन छान गेलं. दुसऱ्या सेशनच्या सहाव्या लॅपला तो म्हणाला, "पेडल जरा खोल जातंय." मी म्हटलं, "हात वर कर, पुढच्या वळणापासून हळू घे, आत जाऊ." तो म्हणाला, "एवढा एकच लॅप." सरळ पट्ट्याच्या शेवटी त्याने पाय ठेवला आणि पेडल थेट जमिनीला टेकलं. मी ओरडलो, "सोड, परत दाब, परत!" तिसऱ्या दाबाला थोडा ब्रेक लागला, खालच्या गिअरने थोडा वेग उतरला, तरी गाडी खडीत घुसलीच. ट्रॅकच्या कडेला टायर रचून केलेल्या भिंतीपासून जेमतेम गाडीभर अंतरावर थांबली. कोणाला लागलं नाही. तो स्टिअरिंग धरून कितीतरी वेळ तसाच बसून होता.

नंतर विचारलं तेव्हा कळलं, गाडी घेतल्यापासून फ्लुइड बदललेलंच नव्हतं. तीन वर्षं. त्याने पॅडवर खर्च केला, कारण पॅड दिसतात. पण हा प्रश्न मी सकाळीच विचारायला हवा होता आणि विचारला नव्हता, हे मला आजही टोचतं. तेव्हापासून कोणाच्याही शेजारी बसण्याआधी माझा पहिला प्रश्न एकच: फ्लुइड कधी बदललं? उत्तर "आठवत नाही" असं आलं, तर मी बसत नाही.

माझी सवय सांगतो. ट्रॅक डेच्या आदल्या आठवड्यात नव्या सीलबंद डब्यातलं फ्लुइड, चारही चाकांना, हवा पूर्ण निघेपर्यंत. अर्धा उरलेला जुना डबा मी वापरत नाही. झाकण एकदा उघडलं की ओलावा आत गेला असं समजतो. शर्यतीसाठीची फ्लुइडं ३०० अंशांच्याही पुढे टिकतात, वजनदार गाडीला तीच घ्या, पण ती लवकर बदलावी लागतात. डॉट ५ मात्र भरू नका. आकडा मोठा असला तरी ते सिलिकॉनचं असतं आणि बाकीच्यांत मिसळत नाही. डॉट ५.१ ही वेगळी गोष्ट आहे, ते चालतं.

"माझ्याकडे सिरॅमिक डिस्क आहेत" हे उत्तर मला देऊ नका. डिस्क सिरॅमिक असली तरी फ्लुइड तेच असतं.

एक फरक लक्षात ठेवा. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्यांच्या मर्यादेपलीकडे तापलेत. पेडल मऊ पडून खोल जातंय, तर फ्लुइड उकळलंय. दोन्हीत सेशन तिथेच संपतं. दुसऱ्या प्रकारात गार झाल्यावर पेडल पुन्हा घट्ट वाटतं आणि लोक फसून परत बाहेर पडतात. एकदा उकळलं की ब्लीड केल्याशिवाय (फ्लुइड काढून आतले बुडबुडे घालवल्याशिवाय) ट्रॅकवर जायचं नाही.

आत आल्या आल्या हँडब्रेक

शेवटचा लॅप ब्रेक जवळपास न वापरता, हळू मारायचा, म्हणजे हवेने डिस्क गार होतात. घाईत असलेल्यांना हा लॅप वाया गेल्यासारखा वाटतो. ते शेवटच्या वळणापर्यंत रेटतात, पिटमध्ये येतात आणि हँडब्रेक ओढतात. लालबुंद डिस्कवर पॅड एकाच जागी दाबून धरले की तिथे पॅडचा थर चिकटतो. मग घरी जाताना पेडल थरथरतं आणि "डिस्क वाकडी झाली" म्हणून नवी डिस्क घेतली जाते. बहुतेक वेळा डिस्क वाकडी नसते, तो थर असतो. मी चाकाखाली लाकडाचे दोन ठोकळे लावतो, गाडी गिअरमध्ये ठेवतो आणि पाचेक मिनिटांनी हातभर पुढे ढकलतो. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक काही गाड्यांत इंजिन बंद करताच आपोआप लागतो. तो कसा बंद करायचा ते घरी मॅन्युअलमध्ये वाचून या.

टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे

स्टिकरवरचा आकडा गार टायरचा आणि रस्त्याचा आहे. वजनदार गाडी चार लॅपमध्ये टायर इतके तापवते की ३६ पीएसआयचे सहज ४४ होतात. टायर फुगतो, मधल्या पट्ट्यावर चालू लागतो आणि गाडी साबणावरून गेल्यासारखी बाहेर सरकते. नवखा माणूस मग स्टिअरिंग आणखी वळवतो. पुढच्या टायरची ग्रिप आधीच संपलेली असते, जास्त वळवून तो फक्त कडा घासतो. एका दिवसात पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेची तार दिसेपर्यंत झिजवलेली गाडी मी पाहिली आहे.

सेशन संपताच, टायर गरम असतानाच हवा मोजा आणि वाढलेली काढा. किती काढायची हे मी खडूने ठरवतो. बाहेर पडण्याआधी टायरच्या कडेवर खडूची आडवी रेघ ओढायची. परत आल्यावर ती कडेच्या खालपर्यंत पुसलेली असेल तर टायर फार वाकतोय, हवा थोडी वाढवायची. वरच्या वर राहिली असेल तर अजून काढायची. पण हवेचा खेळ वळणाआधीच्या चुकीवर उपाय नाही. वजनदार गाडी वळणात शिरण्याआधीच हळू झालेली असली पाहिजे. पहिल्या दिवशी हलक्या गाड्या जिथे ब्रेक मारतात, त्याच्या बऱ्याच आधी मारा. कोणी मागून आलं तर जाऊ द्या.

बाकीच्या, थोडक्यात

ईएसपी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) पहिल्याच दिवशी बंद करू नका. तिचा दिवा लुकलुकतोय तोवर तुमचा हात घाई करतोय. शिवाय ती दर वेळी कुठलं तरी चाक ब्रेकने धरतो आणि ब्रेक आणखी तापवतो.

चाकांचे नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा, पहिल्या सेशननंतर चाक गार झालं की पुन्हा तपासा. "हाताला घट्ट लागलं" हे माप नाही.

ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट काढा. पाण्याची बाटली, चार्जर, डिकीतला जॅक, सगळं बाहेर.

टाकी पाव राहिली की लांब वळणात पेट्रोल एका बाजूला जातं आणि इंजिन गचके देतं. मी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही. इंजिन ऑइलही वरच्या खुणेच्या जवळ हवं, पण तिच्यावर नको.

हेल्मेट मोटरसायकलचं चालेल का, असं विचारतात. स्नेल (हेल्मेट तपासणारी संस्था) मान्यतेच्या, गाडीसाठीच्या एसए हेल्मेटची आगीची चाचणी होते, मोटरसायकलच्या एम हेल्मेटची होत नाही. मी एसए घालतो.

सेशन वीस मिनिटांचं असलं तरी वजनदार गाडीला पाच-सहा लॅप पुरे. वेळ उरलाय म्हणून फिरत राहू नका.

आणि घरी निघण्याआधी काढलेली हवा परत भरा, नट आणखी एकदा तपासा, पॅडची जाडी बघा. मग आवारातच हळू चालवत दोनदा ब्रेक दाबून बघा. पेडल सकाळी होतं त्याच उंचीवर लागलं, तरच फाटकाबाहेर पडा. नाहीतर गाडी उचलून न्यायला टो ट्रक बोलवा.